कॅन्सरची वेदना आणि दुसरा बाण : फोनवरून शिकता येणारी कौशल्ये

कॅन्सरवर उपचार मिळणे आणि कॅन्सरच्या वेदनेवर उपचार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या समाजातल्या अनेक कुटुंबांना पहिली गोष्ट आता कशीबशी साधते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव बसते, कोणी ओळखीचा माणूस परळपर्यंत सोबत येतो, ऑपरेशन होते, किमो आणि रेडिएशन होते. मग रुग्ण जाडजूड फाईल घेऊन गावी परततो. पुढची तारीख दोन-तीन महिन्यांनंतरची असते. दुखणे मात्र तारीख बघून येत नाही. ते रात्री दोन वाजता येते, आणि तेव्हा घरात असतात फक्त घाबरलेली माणसे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कॅन्सरचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक माणसे दगावली. यातल्या किती जणांना वेदना होतात? जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१६ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार उपचार चालू असताना सुमारे ५५ टक्के रुग्णांना वेदना असते आणि आजार पसरलेल्या अवस्थेत हे प्रमाण ६६ टक्क्यांवर जाते. उपचार संपून बरे झालेल्यांपैकीही सुमारे ३९ टक्के लोक वेदना घेऊन जगतात.

मुंबईत टाटा मेमोरियल आहे, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे. पण भामरागड, धडगाव किंवा किनवट भागातल्या माणसाला यातले कोणतेही जवळचे नाही. एका फेरीत दोन माणसांची मजुरी बुडते. म्हणून 'थोडं सहन करू, तारखेलाच जाऊ' असे ठरते. आम्ही गावात आणि वस्तीत रुग्णांच्या घरी जातो तेव्हा हेच वाक्य सर्वात जास्त ऐकतो.

या लेखात आम्हाला सांगायचे आहे ते असे की वेदनेशी सामना करण्याची काही कौशल्ये शिकता येतात, ती फोनवरून शिकवता येतात, आणि त्यांचा गाभा धम्माच्या अभ्यासकाला अनोळखी नाही. पण ती औषधाच्या जागी नाहीत, औषधाच्या जोडीला आहेत. हा फरक सुटला तर सगळेच फसते.

आधी औषध, आणि तो हक्क आहे

कॅन्सरच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली एक साधी शिडी सांगितली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, त्याहून जास्त वेदनेला मध्यम ताकदीची, आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने घ्यायचे आणि घड्याळ बघून घ्यायचे. दुखणे असह्य होईपर्यंत थांबायचे नाही.

मॉर्फिनचे नाव काढले की घरातले दचकतात. 'म्हणजे आता शेवट आला का?' किंवा 'त्याची सवय लागेल ना?' असे प्रश्न येतात. मॉर्फिन हे मरणाचे औषध नाही, वेदनेचे औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कॅन्सरच्या वेदनेसाठी योग्य मात्रेत घेतले तर व्यसनाचा धोका कमी असतो. त्याने बद्धकोष्ठता मात्र होते, म्हणून सोबत पोट साफ ठेवणारे औषध मागून घ्यावे.

भारतात मॉर्फिन मिळणे अवघड झाले ते १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे. अनेक परवान्यांच्या भीतीने दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडले. केरळातल्या 'पॅलियम इंडिया' या संस्थेचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकसारखी सोपी पद्धत आली. कायदा बदलला, पण गावाजवळच्या दवाखान्यात गोळी पोहोचेलच असे नाही. म्हणून मोठ्या रुग्णालयातून निघतानाच विचारा : वेदना वाढली तर काय घ्यायचे, किती घ्यायचे, आणि आमच्या जिल्ह्यात ते कुठे मिळेल? ही उत्तरे फाईलवर लिहून घ्या.

दुसरा बाण म्हणजे काय

संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. सल्ल म्हणजे बाण. तथागत तिथे समजावतात की शरीराला वेदना झाली की धम्म न शिकलेला माणूस शोक करतो, ऊर बडवतो, गोंधळून जातो. एक बाण लागलेल्या माणसाला लगेच दुसरा बाण लागावा तसे त्याचे होते. एक वेदना शरीराची, दुसरी मनाची. शिकलेल्या श्रावकालाही पहिला बाण लागतोच, पण दुसरा तो स्वतःला लागू देत नाही.

इथे पहिला बाण नाकारलेला नाही, हे लक्षात घ्या. वेदना खोटी आहे किंवा मनाचा खेळ आहे असे तथागत म्हणत नाहीत. स्वतः त्यांनाही पाठदुखी होती. मज्झिम निकायातल्या सेख सुत्तात कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात पाठ दुखू लागल्यावर ते आनंदाला उपदेश करायला सांगतात आणि स्वतः आडवे होतात. काम वाटून द्यावे आणि शरीराला विश्रांती द्यावी, हे त्यांनी करून दाखवले.

आधुनिक वैद्यकशास्त्र वेगळ्या वाटेने अशाच ठिकाणी आले. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असते. ते कमी-जास्त उघडते. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो आणि बरे वाटते, कारण चोळण्याच्या स्पर्शाने फाटक थोडे लागते. भीती, चिंता, झोप न होणे, एकटेपणा यांनी ते जास्त उघडते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी 'संपूर्ण वेदना' ही कल्पना दिली. रुग्णाच्या दुखण्यात शरीर असते, मन असते, घरची आर्थिक ओढाताण असते आणि 'माझ्या वाट्याला हे का?' हा प्रश्नही असतो.

हे कोणाच्या कर्माचे फळ नाही

या शेवटच्या प्रश्नावर थोडे थांबू. 'मागच्या जन्मीचं पाप, भोगावं लागणारच' हे वाक्य आजही रुग्णाच्या खाटेशेजारी बसून बोलले जाते. ते बोलणारे कधी आपल्याच घरातले असतात. ज्या विचाराने आपल्या पूर्वजांना जातीच्या पायरीवर बसवले, तोच विचार इथे आजारी माणसाला गुन्हेगार ठरवतो. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना ठामपणे नाकारली.

संयुत्त निकायातच सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले आहे की माणसाला जे काही सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मानेच होते का? तथागत हे मान्य करत नाहीत. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, निष्काळजी वागणूक, बाहेरून झालेला आघात अशी कारणे ते मोजून सांगतात. सगळे पूर्वकर्मावर ढकलणारे लोक अनुभवाच्या आणि जगाच्या जाणिवेच्या पलीकडे जातात, असे त्यांचे म्हणणे आहे.

तेव्हा रुग्णाला पहिले कौशल्य शिकवण्याआधी घरच्यांनी हे एक वाक्य बंद करावे. अपराधाची भावना हा दुसऱ्या बाणाचाच भाग आहे, आणि तो बऱ्याचदा आपण मारतो.

कौशल्ये कोणती

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस कीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनेशी सामना करण्याच्या कौशल्यांचे प्रशिक्षण विकसित केले. आधी ते सांधेदुखीसारख्या जुनाट दुखण्यासाठी होते, पुढे कॅन्सरसाठी वापरले गेले. त्याआधी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी बौद्ध ध्यानपरंपरेतून शिकलेला सजगतेचा अभ्यास जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी सुरू केला होता. या पद्धतींमधली आपल्या घरात करता येतील अशी पाच कौशल्ये पुढे देत आहोत.

एक, शरीर सैल सोडणे. वेदना झाली की आपण दात आवळतो, खांदे उचलून धरतो. आवळलेले स्नायू स्वतःच दुखू लागतात. यावर उपाय म्हणजे मूठ घट्ट आवळायची, पाच आकडे मोजायचे आणि हळूहळू सोडायची. मग दंड, खांदे, कपाळ, पाय. जिथे ऑपरेशन झाले आहे किंवा हाडात आजार आहे तो भाग आवळायचा नाही, नुसता सैल सोडायचा. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे करावे. शिवाय चूल पेटवताना, बसची वाट बघताना अर्धा मिनिट खांदे सोडायची सवय लावावी.

दोन, श्वासाकडे लक्ष. आनापानसती आपल्या ओळखीची आहे. पण सगळ्यांना ती सारखी मानवत नाही. फुप्फुसाचा आजार असलेल्या रुग्णाचे लक्ष श्वासाकडे नेले तर तो अधिक घाबरू शकतो. त्याला तळपाय जमिनीला कुठे टेकले आहेत ते जाणवू द्यावे, किंवा बाहेरचे आवाज ऐकू द्यावेत. डोळे मिटायची सक्ती नको.

तीन, काम आणि विश्रांती मोजून. बहुतेक बाया बरे वाटले की सगळे काम एका दमात उरकतात आणि मग दोन दिवस अंथरुणाला खिळतात. याऐवजी घड्याळ लावावे. वीस मिनिटे भाजी निवडली की दहा मिनिटे आडवे व्हायचे, दुखो अथवा न दुखो. विश्रांती हा आळस नाही, हे सासूला आणि नवऱ्यालाही सांगावे लागते. ते सांगणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

चार, मनातले वाक्य तपासणे. 'हे दुखणं आता कधीच थांबणार नाही' असे मन म्हणते. त्यावर विचारायचे : काल दुपारी किती दुखत होते? गोळी घेतल्यावर किती वेळाने कमी झाले? मग वाक्य बदलते, 'आत्ता खूप दुखतंय, मागच्या वेळी तासाभरात उतरलं होतं.' ही खोटी आशा नव्हे. जे घडले ते तपासून पाहणे आहे. डोळस श्रद्धेचा आग्रह धरणाऱ्या धम्मात हे नवे नाही.

पाच, मनाला दुसरी जागा देणे. आवडती जागा डोळ्यांसमोर आणायची. शेताचा बांध असेल, माहेरची विहीर असेल, दीक्षाभूमीवरची पहाट असेल. तिथे काय दिसते, कसला वास येतो, हाताला काय लागते, ते बारकाईने आठवायचे. यासोबत रोज एक आवडीची छोटी गोष्ट ठरवून करायची. भीमगीत ऐकणे, नातवाचा अभ्यास घेणे, अंगणात बसणे.

फोनवरून कसे शिकवतात

हे प्रशिक्षण पूर्वी मोठ्या रुग्णालयातच मिळे, आणि दूरच्या ग्रामीण भागातले रुग्ण वगळले जात. म्हणून ड्यूकच्या अभ्यासकांनी तेच धडे व्हिडिओ कॉलवर देऊन पाहिले. समोरासमोर शिकणारे आणि व्हिडिओवर शिकणारे अशी तुलना केली तेव्हा वेदना कमी होण्यात दोन्ही गट जवळपास सारखे निघाले, आणि सगळी सत्रे पूर्ण करणारे व्हिडिओच्या गटात जास्त होते. कारण उघड आहे. प्रवास नाही, रजा नाही, सोबत शोधायला नको.

साधारण चार-पाच सत्रे, प्रत्येक पाऊण तासाचे, आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक, अशी रचना असते. सुरुवात एका प्रश्नाने होते : 'मावशी, आत्ता दुखणं दहापैकी किती?' शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. मग मागच्या आठवड्यात काय करून पाहिले, कुठे अडले, ते ऐकायचे. नंतर एक नवे कौशल्य फोनवरच सोबत करायचे आणि पुढच्या आठवड्यात ते कधी, कुठे करणार ते ठरवायचे. मधल्या दिवसांत रुग्णाने वहीत आकडे लिहायचे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहायचे. हीच वही पुढच्या तारखेला डॉक्टरांना दाखवली की औषधाची मात्रा ठरवणे त्यांना सोपे जाते.

आपल्याकडे अडचणी वेगळ्या आहेत. घरात स्मार्टफोन एकच, तोही मुलाच्या खिशात, तो सकाळीच कामावर गेलेला. अशा वेळी साध्या बटणाच्या फोनवरून आवाजी कॉलही चालतो, वेळ मात्र मुलाला विचारून ठरवावी. एका खोलीच्या घरात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची बाई सासऱ्यासमोर कुठे दुखते ते कसे सांगणार? तिला इअरफोन द्यावा आणि 'हो', 'नाही' किंवा आकडा एवढ्यातच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत. तोंडाच्या कॅन्सरमुळे जबडा काढलेल्या रुग्णाला बोलता येत नाही. तो फोनवर टिचकी मारून आकडा सांगू शकतो किंवा व्हॉट्सॲपवर लिहू शकतो. बोलीचाही प्रश्न आहे. 'रिलॅक्स व्हा' म्हणून कोणी सैल होत नाही, 'अंग ढिलं सोडा' म्हटले की होते. गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या घरात त्या बोलीचा माणूसच फोनवर हवा.

सरकारी पातळीवर काही दारे उघडी आहेत. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरांना फोन आणि व्हिडिओवरून सल्ला देता येतो. 'ई-संजीवनी'वरून डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू आहे. ती खास कॅन्सरच्या वेदनेसाठी नाही, पण रात्री भीतीने झोप उडालेल्या रुग्णाला किंवा थकून गेलेल्या सुनेला तिथे बोलता येते.

या खुणा दिसल्या तर फोनवर थांबू नका

पाठीत नवी तीव्र वेदना आणि पायातली ताकद जाणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, ताप, सतत उलट्या, रक्तस्राव, खूप गुंगी किंवा श्वास मंदावणे, अचानक गोंधळल्यासारखे बोलणे. अशा वेळी कौशल्ये बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा. 'आता जगायचं नाही' असे रुग्ण म्हणाला तर ते बोलणे टाळू नका. शांतपणे ऐका, त्याला एकटे सोडू नका आणि मदत मागा.

विहारात काय करता येईल

आपल्याकडे दूरदूरच्या वस्तीतही विहार आहे, महिला मंडळ आहे, रविवारची वंदना आहे. वर्षावासात तीन महिने ग्रंथवाचन चालते. एवढी बांधलेली व्यवस्था फार थोड्या समाजांकडे आहे. विहारात एक चांगल्या रेंजची शांत खोली, एक चार्ज केलेला फोन आणि एक खुर्ची ठेवली तर घरात न बोलता येणारी बाई तिथे येऊन सत्र घेऊ शकते. महिला मंडळातल्या दोघी-तिघींनी वस्तीतल्या रुग्णांची यादी करावी, वही तपासावी, औषध संपण्याच्या आठ दिवस आधी आठवण द्यावी. नर्सिंग, समाजकार्य, मानसशास्त्र शिकलेली आपली मुले-मुली शहरात आहेत. त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेऊन आठवड्याचे दोन तास दिले तर गावाशी नाते फक्त १४ एप्रिलपुरते राहणार नाही. विहारातल्या स्वयंसेवकांनी औषध सुचवायचे नाही आणि आजार ध्यानाने बरा होतो असे कधीही सांगायचे नाही, एवढी शिस्त मात्र पाळावी.

केरळमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून उभे केलेले पॅलिएटिव्ह केअरचे जाळे आहे, आणि तिथल्या सरकारने २००८ साली त्यासाठी धोरणही केले. लोकांनी हात लावला आणि सरकारला जबाबदारीही घ्यायला लावली. आपल्यालाही दोन्ही करावे लागेल. एखादा अधिकारी उद्या म्हणेल की लोक फोनवर ध्यान शिकतात, मग मॉर्फिन कशाला? त्याला सांगावे लागेल की पहिला बाण काढणे ही आरोग्य व्यवस्थेची जबाबदारी आहे. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत हा प्रश्न लावून धरा : आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात मॉर्फिन आहे का? नसेल तर कधी येणार?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी बघत नव्हते. तथागत आणि आनंद यांनी त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि मग संघाला विचारले की तुम्हीच एकमेकांना बघितले नाही तर कोण बघणार? आपल्या वस्तीत आज अंथरुणावर कोण आहे, त्याची गोळी किती दिवस पुरेल आणि रात्री त्याच्याशी कोण बोलते, एवढी माहिती या रविवारच्या वंदनेनंतर गोळा करता येईल. कामाला सुरुवात करण्यासाठी तेवढी पुरेशी आहे.